तंजावूरचा पेंढा आणि अळिंबीतील विकर
कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील तंजावूर जिल्ह्यात भाताचा पेंढा हाच जनावरांचा प्रमुख कोरडा चारा होय. मात्र पेंढ्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. परिणामी दुभत्या गाईला त्याची उणीव भासू शकते. फ्लॅम्युलिना वेल्युटिपिस या अळिंबीतील ऑक्झलेट डिकार्बोक्सिलेज हे विकर ऑक्झलेटचे फॉर्मिक आम्ल व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत प्रा. आशिष दत्ता यांच्या गटाने त्याचे जनुक टोमॅटोत घातले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फळातील ऑक्झलेट ९० टक्क्यांपर्यंत घटले आणि कॅल्शियम वाढले. हेच तत्त्व चाऱ्याला लागू करणे हे पुढील आव्हान आहे. तोवर पेंढा भिजवून पाणी निथळावे. जोडीला खनिज मिश्रण द्यावे.