वीतभर अंतराचा प्रश्न

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘कंप्युटरला लावायचा माइक दाखवा’ म्हटलं, की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो तो बजेटचा. मग काचेवर एकेक वस्तू मांडली जाते. कॉलरला लावायचा चिमटीएवढा माइक, तोंडापुढे दांडी असलेला हेडसेट, टेबलावर उभा राहणारा यूएसबीचा जाडजूड माइक, आणि गिऱ्हाईक जरा हौशी दिसलं तर आतून काढलेला, तीन पिनांच्या वायरचा ‘स्टुडिओवाला’. पहिल्या आणि शेवटच्या वस्तूच्या किमतीत सहज पन्नासपट फरक असतो. एवढं सगळं समोर असताना गिऱ्हाइकाने स्वतःला विचारावा असा प्रश्न मात्र एकच आहे: माइक माझ्या तोंडापासून किती लांब राहणार? बाकीची बहुतेक उत्तरं त्यातून निघतात.

सुरुवात सगळ्यांत स्वस्त माइकपासून करू, कारण घराणं त्याचंच मोठं आहे. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतल्या ई. सी. वेंटे यांनी १९१६ च्या सुमारास कंडेन्सर माइक तयार केला. एक पातळ ताणलेला पडदा, त्याच्यामागे केसभर अंतरावर धातूची चकती, आणि दोहोंमध्ये विजेचा दाब. आवाजाने पडदा हलला की मधलं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विजेचा संकेत बदलतो. आवाज अप्रतिम यायचा, पण विजेचा दाब शेकड्यांत लागे आणि माइकसोबत व्हॉल्व्ह आणि वीजपुरवठ्याची पेटी वागवावी लागे. जर्मनीत गेओर्ग नॉयमान यांनी १९२८ मध्ये बाजारात आणलेला माइक तर इतका लांबोडका होता, की लोक त्याला बाटलीच म्हणत.

ही पेटी घालवली ती न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेतल्या दोघांनी. गेरहार्ड सेसलर जर्मनीतून आलेले, तर जेम्स वेस्ट व्हर्जिनियात १९३१ साली जन्मलेले कृष्णवर्णीय अमेरिकन. भौतिकशास्त्र शिकून या मुलाला कोण नोकरी देणार, अशी वेस्ट यांच्या आईवडिलांना धास्ती होती. त्याने डॉक्टर व्हावं असं त्यांना वाटे. या दोघांनी १९६२ मध्ये टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात विद्युतभार कायमचा कोंडून ठेवला. पडद्यातच भार असल्यावर बाहेरून शेकडो व्होल्ट पुरवायची गरज उरली नाही. हा इलेक्ट्रेट माइक. १९६८ पासून सोनीने तो मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला आणि मग टेपरेकॉर्डर, टेलिफोन, श्रवणयंत्रं, खेळणी असं करत तो जगभर पसरला. आज ही शर्टाच्या बटणाएवढी डबी सुट्या भागांच्या दुकानात चहाच्या किमतीत मिळते. कॉलरच्या माइकात, हेडसेटच्या दांडीच्या टोकाला आणि पुष्कळशा स्वस्त ‘स्टुडिओ’ माइकांच्या पोटातसुद्धा तीच असते.

डबीच्या आत एक छोटा ट्रान्झिस्टर असतो आणि त्याला दोन-चार व्होल्ट लागतात. जुन्या कंप्युटरच्या पाठीमागचं ते गुलाबी भोक हेच व्होल्ट पुरवतं. भजनी मंडळाचा जाड माइक वायर बदलून त्या भोकात खुपसला तर आवाज मुंगीसारखा येतो, कारण तो या जातीचाच नाही आणि त्याला हव्या तेवढ्या जोराचा अ‍ॅम्प्लिफायर त्या भोकामागे नाही. उलट बाजूने होणारी फसगत जास्त महाग पडते. ऑनलाइन बाजारात स्टँड, जाळी आणि फोमची टोपी यांसकट स्वस्तात मिळणारे ‘कंडेन्सर संच’ अनेकदा थेट कंप्युटरला जोडायच्या वायरसह विकतात, पण त्यातल्या माइकला खरी भूक असते ४८ व्होल्टची. तेवढे मिळेपर्यंत तो कुजबुजतच राहतो. या ४८ आकड्यामागची हकिकत मजेची आहे. नॉयमान कंपनीने १९६६ मध्ये नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी वायरीतूनच वीज घेणारे माइक बनवले. तिथल्या स्टुडिओत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, म्हणून माइकलाही तेवढेच ठरले. पुढे सगळ्या जगाने तो आकडा उचलला.

लॅपटॉपच्या पडद्यावरच्या पट्टीतली टाचणीच्या टोकाएवढी भोकं ही या घराण्याची धाकटी पाती. नोल्स कंपनीने २००३ च्या आसपास सिलिकॉनच्या चिपमध्येच कोरलेला माइक बाजारात आणला. त्याचा पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. आता प्रत्येक फोनमध्ये असे दोन-तीन बसलेले असतात. त्यांच्यापर्यंत आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेतला सूक्ष्म फरक मोजून यंत्र बोलणाऱ्याची दिशा हेरतं. लॅपटॉपच्या माइकला नावं ठेवायची पद्धत आहे, ती मला अन्यायाची वाटते. माइक वाईट नसतो. तो हातभर लांब असतो, आणि त्याच्या शेजारीच कीबोर्डची टकटक आणि लॅपटॉपचा स्वतःचा पंखा असतो.

अंतराचा हिशोब असा. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो. ४० सेंटिमीटरवरचा माइक ५ सेंटिमीटरवर आणला, तर तीनदा निम्मं झालं, म्हणजे अठरा डेसिबल. खोलीचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. अठरा डेसिबलची ही कमाई कुठलाही महागडा माइक तुम्हाला जागेवर बसून देऊ शकत नाही. कॉल सेंटरमधला साधा हेडसेट शेकडो माणसांच्या गलक्यात निभावून नेतो तो याच जोरावर. त्याची दांडी ओठांच्या अगदी समोर न धरता कोपऱ्याशी ठेवायची, नाहीतर श्वासाचे फुत्कार ऐकू येतात.

दुसरं घराणं डायनॅमिक माइकचं. यात पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या खाचेत हलतं. स्पीकरचंच यंत्र, उलट्या दिशेने चालवलेलं. बाहेरून वीज लागत नाही, पडला-आपटला तरी सहसा बिघडत नाही. गणपतीच्या मांडवापासून कीर्तनाच्या पाटापर्यंत हाच दिसतो, आणि गोल जाळीचं डोकं असलेला शूर कंपनीचा १९६६ चा एसएम५८ तर माइकचं चित्र काढा म्हटल्यावर मुलं काढतात तसा आहे.

त्याच कंपनीचा एसएम७ हा १९७३ चा. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधलं गाणं त्याच्यावर ध्वनिमुद्रित झालं. त्याची सुधारलेली आवृत्ती एसएम७बी आज पॉडकास्टच्या प्रत्येक दुसऱ्या व्हिडिओत बोलणाऱ्याच्या हनुवटीशी लोंबकळताना दिसते आणि म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यालाही तोच हवा असतो. इथे जरा थांबावं. ठरावीक जोराच्या आवाजाला हा माइक जेमतेम १.१ मिलिव्होल्ट देतो. त्याच आवाजाला ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० हा बेताच्या किमतीचा कंडेन्सर सुमारे १४ मिलिव्होल्ट देतो. एसएम७बीचा संकेत वापरण्याजोगा व्हायला साठ डेसिबल, म्हणजे हजारपट वाढवावा लागतो. स्वस्त ऑडिओ इंटरफेस, म्हणजे तीन पिनांचा माइक कंप्युटरला जोडून देणारी पेटी, तेवढं ताणलं की खरखरतो, मग मध्ये आणखी एक बूस्टर लागतो. खर्च दुपटीच्या दिशेने निघतो. अखेर २०२३ मध्ये कंपनीने बूस्टर पोटातच घातलेला नवा माइक काढला. घरच्या कंप्युटरवर बोलणाऱ्याला यूएसबी आणि तीन पिनांची वायर दोन्ही चालणारा सॅमसन क्यू२यूसारखा साधा डायनॅमिक माइक यापेक्षा पुष्कळ कमी कटकटीत काम देतो, असं माझं मत आहे.

‘डायनॅमिक माइक मागचा आवाज घेतच नाही’ हे वाक्य दुकानात हमखास कानी पडतं. त्यात अर्धं तथ्य आहे. तो घेत नाही असं वाटतं, कारण त्याच्याशी ओठ लावून बोलावंच लागतं. हातभर लांब ठेवून आवाज वाढवलात, तर पंखाही तितक्याच इमानाने वाढतो. यूएसबी कंडेन्सरचं उलट होतं. ब्लू कंपनीचा २००९ चा यती घरोघरी गेला, कारण एक वायर खोचली की काम सुरू. अ‍ॅम्प्लिफायर आणि आवाजाचे आकडे करणारं सर्किट दोन्ही त्याच्या पोटातच. पण तो टेबलावर उभा करून लोक खुर्चीत मागे रेलून बोलतात, आणि मग खोली बोलायला लागते. यूएसबीची दुसरी अडचण दोघांनी गप्पा मारायच्या ठरवल्यावर कळते. एकाच कंप्युटरला असे दोन माइक जोडले तर प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, आणि तासाभराच्या मुद्रणात दोघांचे आवाज एकमेकांपासून सरकू लागतात. दोन माणसं असतील तर इंटरफेस आणि तीन पिनांचे दोन माइक हाच धड रस्ता.

खोलीचं गणित हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मांडलं. विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सॅबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, मांडत, घुमण्याचा काळ मोजत आणि सकाळच्या आत परत नेऊन ठेवत. त्यांच्या सूत्रात आपली दहा बाय बाराची, फरशी घातलेली, गिलावा केलेली रिकामी खोली घातली, तर दोन सेकंदांहून जास्त घुमण्याचं उत्तर येतं. हेच कारण, नवा फ्लॅट ताब्यात घेतल्यावर त्यात बोललेलं विहिरीत बोलल्यासारखं वाटतं. यावर भिंतीला चिकटवायचे फोमचे पातळ चौकोन विकत घेणं हा फारसा उपयोगी खर्च नव्हे, कारण ते फक्त वरच्या पट्टीतलं शोषतात. गादी, गोधड्या, साड्यांनी भरलेलं उघडं कपाट आणि पुस्तकांनी गच्च मांडणी यांनी जास्त काम होतं. कपाटाकडे पाठ करून बसावं, म्हणजे माइकचं तोंड कपड्यांकडे राहतं.

माइकचं तोंड कुठे आहे ही गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची, कारण आपला मुख्य शत्रू डोक्यावर फिरतो. बहुतेक माइक समोरचं घेतात आणि पाठीमागचं टाळतात. शूरच्या बेन बाउअर यांनी १९३९ मध्ये एकाच डबीत ते साधलं, आणि तेव्हापासून हृदयाच्या आकाराचा तो नकाशा खोक्यांवर छापलेला असतो. आता पाहा, टेबलावरच्या स्टँडवर माइक ठेवून तो तोंडाकडे तिरका वळवला, की त्याची नजर थेट छतावरच्या पंख्याकडे जाते. तोच माइक वरून येणाऱ्या हाताला टांगून खाली वळवला, की पंख्याकडे पाठ. खर्च एका दांडीचा. कॉलरचा माइक सहसा चहूकडचं घेणारा असतो, त्यामुळे त्याला ही युक्ती लागू नाही. पण तो तोंडापासून वीतभरच असल्यामुळे शिकवण्याच्या व्हिडिओला पुरतो. बोयाचा बीवाय-एम१ आणि त्याची सहा मीटरची वायर यावर कित्येक मराठी यूट्यूब वाहिन्यांची पहिली वर्षं निघाली असतील.

मराठीचा म्हणून एक वेगळा त्रास आहे. आपल्या भाषेत महाप्राण भरपूर. ‘फोडणी’, ‘भाकरी’, ‘भुईमूग’ म्हणताना ओठांमधून वाऱ्याचा झोत सुटतो आणि माइकच्या पडद्यावर आदळून धप्प असा आवाज करतो. पाककृतीची वाहिनी चालवणाऱ्यांना तर पावलोपावली. जाळीचा पॉप फिल्टर लावावा, किंवा फुकटात हवं असेल तर माइक तोंडाच्या समोरून थोडा बाजूला सरकवावा, म्हणजे झोत शेजारून निघून जातो.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं कमी आहे. कानातल्या बिनतारी इअरफोनमध्ये गाणं छान वाजतं म्हणून बोलणंही छान जाईल असं नाही. माइक सुरू झाला की जोडणी संभाषणाच्या पद्धतीवर उतरते. जुन्या पद्धतीत सेकंदाला ८,००० आणि सुधारित पद्धतीत १६,००० नमुने घेतले जातात, तर साध्या वायरीच्या माइकला ४८,००० सहज मिळतात. आठ हजारांत ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक पुसट होतो. मुलाखतीला बसताना वायरच बरी. आणि त्या वायरीत घूं असा सतत सूर आला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसतं, आणि तो सूर पुष्कळदा तिथूनच येतो.

माइकनंतर आवाज सॉफ्टवेअरच्या हाती जातो, आणि तिथे संगीताच्या क्लासची खरी पंचाईत होते. २०२० मध्ये गायनाचे वर्ग झूमवर गेले, तेव्हा अनेक गुरूंना कळेना, की तानपुरा आपल्याला ऐकू येतोय, शिष्याला का नाही. गोंगाट काढणारी जुनी रीत सरळ आहे: जो आवाज न बदलता अखंड चालू राहतो तो गोंगाट समजायचा आणि वजा करायचा. पंखा, एसी, पाण्याचा पंप यांना हे नेमकं लागू पडतं, आणि तानपुऱ्यालाही. चार तारांचा तो अखंड षड्ज यंत्राच्या लेखी पंखाच. लांबवलेला आलापही मधूनच विरतो. उपाय म्हणून झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय आहे. ती आधी सेटिंगमध्ये चालू करावी लागते आणि मग प्रत्यक्ष मीटिंगमध्ये आणखी एकदा. शिष्याने कानाला वायरीचा हेडफोन लावला, तर प्रतिध्वनी कापणारं कलमही बंद ठेवता येतं. गाण्यासाठी मात्र माइक ओठांशी नको. कंडेन्सर असेल तर हातभर अंतरावर, गळा आणि तानपुरा दोघांनाही जागा देऊन ठेवावा. जवळच्या माइकमध्ये खर्ज उगीच फुगतो आणि गुरूला शिष्याचा आवाज आहे त्यापेक्षा भरदार वाटतो.

पण हातभर अंतर आणि गोंगाट न काढणारं सॉफ्टवेअर, म्हणजे छतावरचा पंखा परत आत आला. तो बंद करण्यावाचून इलाज नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी तसं करून कुणी यमन शिकवणार नाही. पहाटेच्या गारव्यात मात्र तो बंद ठेवता येतो. त्या दिवसांत पुण्यात पहाटे सहाला क्लास ठेवला, तर कॅलिफोर्नियातल्या शिष्यांकडे तो आदल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला भरतो. तिथली मुलं शाळेतून आलेली असतात, इथे रिक्षा सुरू व्हायच्या असतात. फक्त त्या वेळेला भैरव शिकवायचा की यमन, यावर गुरूंचं आणि पालकांचं एकमत व्हायला हवं.