नमाजच्या हालचाली आणि आपले सांधे

सहावीच्या विज्ञानातले सांधे मी माझ्या मुलीला घरी जानमाजवरच शिकवले. पुस्तकातली नावं तिला पाठ होत नव्हती, नमाज मात्र पाठ होती.

दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा. हलणाऱ्या सांध्यात हाडांची टोकं गुळगुळीत कूर्चेने झाकलेली असतात, मध्ये तेलासारखं काम करणारा द्रव असतो आणि अस्थिबंध हाडांना धरून ठेवतात. सांध्याचा आकार जसा, तशी त्याची चाल.

तकबीरला हात वर नेणारा खांदा आणि रुकूत वाकणारा खुबा हे उखळीचे सांधे. हाडाचं गोल टोक वाटीत बसतं, म्हणून ते सगळ्या बाजूंनी फिरतं. खांद्याची वाटी उथळ आहे. म्हणून हात खूप फिरतो, पण खांदा निखळतोही लवकर. सजद्यात जाताना दुमडणारे गुडघे आणि कोपर बिजागरीचे, म्हणजे दारासारखे. सलाम फेरताना मान वळते ती खुंटीच्या सांध्यावर. पहिला मणका दुसऱ्या मणक्याच्या खुंटीभोवती फिरतो. मनगटातली 8 छोटी हाडं एकमेकांवर सरकतात, तो सरकता सांधा. अंगठा बोटांच्या पेरांवर तस्बीह मोजू शकतो, कारण त्याच्या मुळाशी खोगिरासारखा सांधा आहे. कवटीचे सांधे मात्र हलत नाहीत, ते मेंदूला जपतात.

हे फक्त परीक्षेपुरतं नाही. लहान मुलाला आपण लाडाने एका हाताने उचलतो, कधी हात धरून हिसका देतो. पाच वर्षांखालच्या मुलांच्या कोपरातला अस्थिबंध सैल असतो, त्यातून हाड सरकू शकतं. मग मूल रडतं आणि तो हात हलवतच नाही. म्हणून मुलाला नेहमी दोन्ही काखांत धरून उचला.

आपलं वडनेर हायवेवरचं गाव. कुणी गाडीवरून पडला, खांदा निखळला, की "ओढून बसवून देतो" म्हणणारे लगेच जमतात. ओढू देऊ नका, मालिशही नको. आत हाड मोडलेलं असू शकतं, नस किंवा रक्तवाहिनी दबलेली असू शकते. हात आहे त्याच स्थितीत ओढणीच्या झोळीत बांधा आणि हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्या. आधी एक्स-रे, मगच सांधा बसवणं.