वार लावून नव्हे, राबून

सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. एकेकाळी पुण्यात गरीब घरचा मुलगा शिकायचा तो असा, वार लावून नाहीतर माधुकरी मागून. पुण्य वाढणाऱ्याच्या पदरात पडायचं, जेवणाऱ्याने ओशाळून खाली मान घालून जेवायचं. तरीही ही सोय ब्राह्मण मुलापुरतीच होती. शेतकऱ्याच्या पोराला, आणि त्याहून जास्त अस्पृश्य ठरवलेल्या घरातल्या पोराला, कोण वार देणार होतं?

कोल्हापुरात शाहू महाराजांनी याचं उत्तर वसतिगृहांतून दिलं. 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. त्या काळाच्या मानाने हे फार मोठं पाऊल होतं. पण प्रत्येकाची चूल वेगळी होती. कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील नावाचा मुलगा तेव्हा जैन बोर्डिंगमध्ये राहायचा. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला आणि परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्याने नकार दिला. त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. पुढे त्याने स्वतःचं बोर्डिंग काढलं तेव्हा त्यात चूल एकच ठेवली.

या कर्मवीर भाऊरावांच्या कामाचा परिचय सहसा शाळांच्या संख्येने करून दिला जातो. मला मात्र त्यांच्या कामाचं खरं यंत्र शाळेपेक्षा स्वयंपाकघरात दिसतं. 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, 1924 मध्ये साताऱ्याला बोर्डिंग आलं आणि 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातलं काम मुलंच करायची. धान्य यायचं मुष्टिफंडातून. गावोगावच्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत आणि ते बोर्डिंगला पोचतं होई. किर्लोस्करांचे नांगर विकत खेडोपाडी फिरलेल्या माणसाला शेतकऱ्याच्या घरात रोख पैसा नसतो पण मूठभर ज्वारी असते, हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

मूठ कमी पडली की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने जायचे. शेवटी मंगळसूत्रही गेलं. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या या बाईंनी सगळ्या जातींच्या पोरांचं आईपण केलं आणि 1930 मध्ये त्या गेल्या. आज त्यांच्या कामाची जाहिरात द्यायची झाली तर रेक्टर, मेस व्यवस्थापक, परिचारिका आणि समुपदेशक अशी चार पदं भरावी लागतील.

1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि बोर्डिंगमधली रीत महाविद्यालयात आली: हातात पैसा नसेल तर काम करा आणि शिका. त्या बोर्डिंगमधून शिकलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. हेच कॉलेज आता कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाचा भाग आहे. पुण्यात 1955 साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली. खेड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या मुलामुलींना माफक खर्चात राहण्याजेवणाची सोय व्हावी, ही त्यामागची तळमळही याच जातीची.

आज ‘कमवा आणि शिका’ ही महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत रुळलेली योजना आहे. महाविद्यालयात विद्यार्थी विकास अधिकारी असतो, त्याच्याकडे अर्ज द्यायचा. मग तासिका नसतील तेव्हा दोन-तीन तास काम: ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, प्रयोगशाळेतली भांडी धुणं, बागेला पाणी घालणं, कार्यालयात नोंदी करणं. हजेरीवर सही होते, महिनाअखेर तासांचा हिशेब होतो, पैसे बँकेत जमा होतात. रक्कम मोठी नसते, पण घरी फोन करून बापाकडे मागावी लागत नाही. दुष्काळी भागातल्या मुलाला त्या न केलेल्या फोनची किंमत ठाऊक असते.

सरकारी मदतीचं जाळंही आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये मिळतात. 2024-25 पासून कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या, दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं. चांगलंच झालं. फक्त शुल्क माफ झालं तरी कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचं बिल कुणी माफ करत नाही, आणि मुलगी शिक्षण सोडून गावी परतते ती बऱ्याचदा याच दोन आकड्यांपायी.

आता या जुन्या सोयीच्या शेजारी नवी सोय येते आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’ची 14416 ही मोफत सेवा चालू आहे, रात्री-अपरात्रीही, आणि तिथे मराठीतून बोलता येतं. याची गरज नाही, असं म्हणणारी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत. ‘आम्ही दिव्याखाली शिकलो, आम्हाला कुठे लागला समुपदेशक?’ हे वाक्य तर प्रत्येक स्नेहसंमेलनात ऐकू येतं. जे दिव्याखाली शिकले ते बोलायला उभे आहेत, जे मधेच गळाले ते त्या संमेलनाला आलेलेच नाहीत. नैराश्याने ग्रासलेल्या मुलाच्या हातात खराटा देऊन तो बरा होत नाही, त्याला डॉक्टरच लागतो. श्रमाचं कौतुक करताना हे विसरायला नको.

पण नुसती पाटी लावूनही भागत नाही. समुपदेशन कक्षाचा रस्ता प्राचार्यांच्या दालनासमोरून जात असेल, तर तिथे मुलं जातील कशी? उलट ग्रंथालयात काम करणारा मुलगा दोन दिवस फिरकला नाही की पहिल्यांदा ग्रंथालयातल्या मामांच्या ध्यानात येतं. ‘काय रे, बरं नव्हतं का?’ हा प्रश्न कुठल्याही अर्जावर नसतो आणि तो विचारायला पदवी लागत नाही. कुठला मुलगा परीक्षेच्या तोंडावर जेवणाची वेळ टाळतो, हे मेसच्या ताईंना कळतं. कर्मवीरांच्या बोर्डिंगमध्ये हा पहारा आपोआप व्हायचा, कारण सगळे एकाच पंगतीत बसत. समुपदेशकाने पहिल्या आठवड्यात या मामांशी आणि ताईंशी ओळख करून घेतली, तर त्यांच्या कक्षात येणारी निम्मी मुलं तेच पाठवतील असं मला वाटतं.

‘कमवा आणि शिका’ योजनेत दुरुस्त्या हव्यात त्या अगदी साध्या आहेत. कामाचा दर मेसच्या थाळीबरोबर वाढायला हवा. संगणकशास्त्राच्या मुलीला फायली उचलायला लावण्याऐवजी तिच्या विषयातलं काम द्यायला हवं. आणि मानधन वेळेवर यायला हवं. मेसवाला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे मागतो आणि कामाचं बिल मंजुरीसाठी टेबलांवरून फिरत राहतं, तेव्हा मधल्या दिवसांत मुलगा पुन्हा मित्रांच्या डब्यावर येतो, म्हणजे वारावरच. ते बिल पाच तारखेच्या आत निघावं.