कुत्र्यांमधील अधिहर्षता व तिचे उपचार

एरवी निरुपद्रवी असलेल्या एखाद्या पदार्थास शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेने दिलेल्या अवाजवी प्रतिसादास अधिहर्षता (ॲलर्जी) म्हणतात. ही संज्ञा ऑस्ट्रियन बालरोगतज्ञ क्लेमेन्स फोन पीर्के यांनी १९०६ मध्ये प्रचारात आणली. कुत्र्यामध्ये ऋतुमानानुसार होणाऱ्या अधिहर्षतेचे वर्णन एफ. डब्ल्यू. विटिच या अमेरिकन वैद्यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. माणसात हा विकार बहुधा शिंका, वाहणारे नाक व दमा यांच्या रूपाने दिसतो. कुत्र्यात तो मुख्यतः त्वचेवर प्रकट होतो व कंड हे त्याचे प्रधान लक्षण असते. कंड हे लक्षण आहे, रोग नव्हे. एकाच कंडामागे निरनिराळी कारणे असू शकतात. त्यामुळे औषधे द्यावीत की नैसर्गिक उपाय करावेत, हा प्रश्न कारण निश्चित झाल्यानंतरचा आहे.

प्रकार : कुत्र्यांत अधिहर्षतेचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. (१) पिसवांमुळे होणारी अधिहर्षता : पिसू चावताना तिची लाळ त्वचेत शिरते व तीतील प्रथिनांमुळे प्रतिक्रिया होते. संवेदनशील कुत्र्यास थोडे चावेही पुरेसे होतात. म्हणून अंगावर पिसू न दिसणे हा ती नसल्याचा पुरावा नव्हे. कोकणासारख्या उष्ण व दमट प्रदेशात पिसवांची वाढ वर्षभर होऊ शकते. (२) अन्नजन्य अधिहर्षता : गोमांस, दूध व दुधाचे पदार्थ, कोंबडीचे मांस आणि गहू ही तिची वारंवार आढळलेली कारणे होत. (३) परिसरजन्य अधिहर्षता : घरातील धुळीत राहणारे अतिसूक्ष्म माइट, परागकण, बुरशीची बीजुके इत्यादींमुळे ती होते. तिच्यात आनुवंशिकतेचा भाग असून लॅब्रॅडॉर व गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, बुलडॉग, जर्मन शेपर्ड, वेस्ट हायलँड व्हाइट टेरिअर इ. जातींत ती अधिक आढळते. तिचा आरंभ बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात होतो. एकाच कुत्र्यात एकाहून अधिक प्रकार असू शकतात.

विकृती : परिसरजन्य प्रकारात त्वचेचा बाह्य थर सदोष असल्याने अधिहर्षताजनक पदार्थ आत शिरतात. त्यांच्याविरुद्ध इम्युनोग्लोब्युलिन-ई हे प्रतिपिंड तयार होऊन ते मास्ट कोशिकांना चिकटतात. तोच पदार्थ पुन्हा आल्यास या कोशिकांतून हिस्टामीन व इतर द्रव्ये बाहेर पडतात. तथापि कुत्र्यातील कंडास केवळ हिस्टामीन जबाबदार नसते. लसीका कोशिकांनी स्रवलेले इंटरल्यूकिन-३१ हे प्रथिन तंत्रिकांना थेट उद्दीपित करते. माणसास गुणकारी ठरणारी हिस्टामीनरोधी औषधे कुत्र्यात बहुधा अपुरी का पडतात, याचा उलगडा यावरून होतो.

लक्षणे : कुत्रा सतत खाजवतो, पंजे चाटतो वा चावतो आणि तोंड जमिनीवर घासतो. फिकट रंगाचे केस लाळेमुळे तांबूस होतात. पंजे, काखा, पोट, चेहरा व कान या जागी खाज असल्यास परिसरजन्य किंवा अन्नजन्य प्रकाराचा, तर कंबर व शेपटीचे मूळ येथे असल्यास पिसवांचा संशय येतो. खाजवण्याने त्वचा सोलवटते व तेथे सूक्ष्मजंतूंचा आणि मॅलॅसेझिया या यीस्टचा दुय्यम संसर्ग होतो. मग दुर्गंधी येते, कान वाहतात व त्वचा जाड आणि काळी पडते.

निदान : रक्ताच्या एखाद्या चाचणीने सर्व निदान होत नाही. प्रथम त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात व लूत उत्पन्न करणारे माइट, बुरशी व दुय्यम संसर्ग यांचा शोध घेतात. त्यानंतर पिसवांचे काटेकोर निर्मूलन करतात. अन्नजन्य प्रकारासाठी कुत्र्याने पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनाचा किंवा जलीय विच्छेदन केलेल्या प्रथिनाचा आहार किमान आठ आठवडे देतात. खाज कमी झाल्यास जुना आहार पुन्हा देऊन ती परत येते की काय ते पाहतात. या काळात बिस्किटाचा एक तुकडाही चाचणी निष्फळ करू शकतो. ही कारणे वगळल्यानंतरच परिसरजन्य प्रकाराचे निदान होते. त्वचेतील व रक्तातील अधिहर्षता चाचण्यांचा उपयोग मुख्यतः पुढे वर्णिलेल्या लशीतील घटक निवडण्यासाठी होतो.

औषधी उपचार : प्रेडनिसोलोनसारखी ग्लुकोकॉर्टिकॉइड औषधे स्वस्त व शीघ्र गुणकारी आहेत. परंतु त्यांमुळे तहान, भूक व लघवी वाढते आणि दीर्घ वापराने स्नायू क्षीण होणे, त्वचा पातळ होणे, संसर्ग बळावणे व अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावणे हे परिणाम होतात. म्हणून ती अल्पकाळ व शक्य तितक्या कमी मात्रेत देतात आणि बरेच दिवस दिल्यावर एकाएकी थांबवीत नाहीत. सायक्लोस्पोरीन हे कवकापासून मिळविलेले औषध दीर्घकालीन उपचारास उपयुक्त असले, तरी गुण येण्यास चार ते सहा आठवडे लागतात व प्रारंभी उलट्या होण्याचा संभव असतो. ऑक्लासिटिनिब या औषधास अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. ते कंडाचे संदेशवहन रोखते व बहुधा एका दिवसात आराम देते; मात्र एक वर्षाखालील व गंभीर संसर्ग असलेल्या कुत्र्यांस ते देत नाहीत. लोकिव्हेटमॅब हे इंटरल्यूकिन-३१ ला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड असून एका अंतःक्षेपणाचा परिणाम सु. चार ते आठ आठवडे टिकतो.

वरील औषधे लक्षणे दाबतात. मूळ संवेदनशीलता कमी करण्याचा उपाय म्हणजे अधिहर्षताजनक पदार्थाची अत्यल्प व क्रमाने वाढती मात्रा देणे हा होय. माणसात ही पद्धत लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये वापरली. कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिकांस तिचा लाभ होतो. मात्र तो दिसण्यास एक वर्षापर्यंत काळ लागू शकतो.

नैसर्गिक उपाय : या वर्गातील सर्व उपाय सारख्या योग्यतेचे नाहीत. साध्या पाण्याने किंवा कुत्र्यांसाठीच्या सौम्य शांपूने आठवड्यातून एकदा घातलेल्या स्नानाने त्वचेवरील परागकण व धूळ निघून जातात. ओटच्या बारीक पिठाचे स्नान तात्पुरता आराम देते. माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांनी त्वचेची स्थिती सुधारते व स्टेरॉइडांची मात्रा काही अंशी कमी करता येते. परंतु त्यासाठी दोन ते तीन महिने जावे लागतात. कॉड माशाच्या यकृताचे तेल मात्र त्याऐवजी वापरू नये, कारण त्यातील अ व ड जीवनसत्त्वांची अतिमात्रा विषारी ठरते.

महाराष्ट्रात कडुलिंबाचा पाला, हळद व खोबरेल यांचा घरगुती वापर रूढ आहे. कडुलिंबात कीटकनाशक द्रव्य आहे हे खरे; तथापि पिसवांच्या पूर्ण निर्मूलनास तो पुरेसा पडत नाही आणि त्याचे तेल चाटले गेल्यास लाळ गळते व उलट्या होतात. पिसवांवर खाऊ घातला जाणारा लसूण निरुपयोगी तर आहेच, शिवाय कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या कोशिका फुटून पांडुरोग होऊ शकतो. टी ट्री तेल शुद्ध स्वरूपात लावल्याने अशक्तपणा व कंप उद्भवल्याच्या नोंदी आहेत. रॉकेल किंवा इंजिनाचे जळके तेल लावणे हा उपचार नसून विषप्रयोगच होय.

दक्षता : माणसासाठीची सर्दीची मिश्र औषधे कुत्र्यास देऊ नयेत, त्यांतील पॅरासिटामॉल व स्यूडोएफेड्रीन प्राणघातक ठरू शकतात. कुत्रा मलम चाटून टाकतो, हेही ध्यानात ठेवावे. पिसवांचा उपचार घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर व अंथरुणावर एकाच वेळी करणे आवश्यक असते, कारण पिसवांची अंडी व अळ्या परिसरातच असतात. कुत्र्यांवर वापरावयाचे परमेथ्रिन हे मांजरास विषारी आहे.

परिसरजन्य अधिहर्षता सहसा पूर्ण बरी होत नाही. ती आटोक्यात ठेवावी लागते. औषध कृत्रिम आहे की निसर्गातून आले आहे यावर त्याची योग्यता ठरत नाही. सायक्लोस्पोरीन कवकापासून मिळते व लसणाचा अपायही नैसर्गिकच असतो. उपायाचा गुण सिद्ध झाला आहे काय, त्याची मात्रा किती व तो कोणत्या कारणावर योजला आहे, हेच निकष महत्त्वाचे होत. मुक्या प्राण्यास आपली पीडा सांगता येत नसल्याने खाजेची जागा, ऋतू व आहार यांची मालकाने ठेवलेली नोंद पशुवैद्यास निदानात मोलाची ठरते.

पहा : ॲलर्जी, कुत्रा, पिसू, लूत.