कंसातला झपताल

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ‘स्ट्रडेल’चं पान उघडलं की कोड लिहायची चौकट समोर येते. तिथं अवतरणचिन्हांत रोमन अक्षरांतली चार लघुनामं लिहायची: बीडी, एसडी, एचएच, एसडी. प्ले दाबलं की बास ड्रम, स्नेअर, हाय-हॅट आणि पुन्हा स्नेअर असे चार आघात एका आवर्तनात सारख्या अंतरावर वाजू लागतात. दोन नावांभोवती चौकोनी कंस टाकला, की ती दोन मिळून एकाच मात्रेत बसतात. एखाद्या नावापुढे चांदणी आणि २ लिहिलं, की तो आघात दुगुनीत जातो. संगीत चालू असतानाच ओळ बदलायची आणि अपडेट दाबायचं. वाजणं थांबत नाही, फक्त बदलतं. त्यासाठी अॅप विकत घ्यावं लागत नाही, वाद्य लागत नाही की स्टुडिओही लागत नाही.

रसिकांसमोर कोड लिहीत, बदलत संगीत घडवण्याच्या या प्रकाराला लाइव्ह कोडिंग म्हणतात. २००४ साली हॅम्बर्गमध्ये ‘टॉपलॅप’ हा अशा कलावंतांचा गट स्थापन झाला. वादकानं आपला पडदा लपवू नये, कोड रसिकांनाही दिसावा, हा त्यांचा आग्रह. २०१२ साली लंडनमध्ये ‘अल्गोरेव्ह’ म्हणजे कोडच्या संगीतावर नाचण्याची मैफल झाली आणि ती रीत जगभर गेली. ‘अल्गोरेव्ह इंडिया’ या नावानं आपल्याकडचे कोडरही एकत्र आले.

हिंगोली, सेनगाव किंवा कळमनुरीत बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, हे युरोपातलं खूळ. आपला त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो त्या कंसांमध्येच आहे. कंसांत लय लिहिण्याची ही रीत लखनौच्या तबल्यापायी जन्माला आली. ज्यानं ती संगणकात आणली, त्याच माणसानं पुढे मराठी बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जपण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं.

उस्ताद, कायदा आणि व्याकरण

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपेन हे संगीताचे अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. कायदा ही तबल्यातली विस्तार करायची रचना वाजवताना उस्ताद मुखड्यातलेच बोल फिरवून पलट्यामागून पलटे काढतात. कुठला पलटा चालेल आणि कुठला चालणार नाही, हे त्यांना क्षणात कळतं. पण तो नियम शब्दांत मांडा म्हटलं तर मांडता येत नाही. किपेन यांना तो नियम हवा होता.

फ्रेंच संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांनी त्यांच्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ हा प्रोग्रॅम लिहिला. तो अॅपल-टू जातीच्या संगणकावर चालायचा. भाषेच्या व्याकरणात वाक्य कसं बनतं याचे नियम असतात, तसे कायद्याचे नियम त्यात भरलेले होते. त्या नियमांतून यंत्र नवे पलटे तयार करी. उस्ताद ते ऐकून निवाडा देत आणि चुकलं असेल तिथं व्याकरण दुरुस्त केलं जाई. म्हणजे यंत्राला शिकवणारा गुरू प्रोग्रॅमर नव्हता, तबलजी होता. किपेन यांचं लखनौच्या तबल्यावरचं पुस्तक १९८८ साली आलं.

बोल प्रोसेसरच्या पुढच्या आवृत्तीत बेल यांनी एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या लयी लिहिण्याची सोय केली. त्यासाठी महिरपी कंस आणि स्वल्पविराम अशी खूण वापरली. इंग्लंडमधले संगीतकार-प्रोग्रॅमर अॅलेक्स मॅक्लीन यांनी २००९च्या सुमारास ‘टायडल’ ही कोडिंगची भाषा घडवायला घेतली, तेव्हा त्यांनी हीच खूण उचलली. आपलं लेखन बोल प्रोसेसरवरून घेतलेलं आहे, असं टायडलवाले उघडपणे नोंदवतात. टायडल संगणकावर बसवायची तर दोन-तीन प्रोग्रॅमची जुळणी करावी लागते. ती कटकट नको म्हणून २०२२ साली फेलिक्स रूस आणि मॅक्लीन यांनी टायडलचं ब्राउझरमध्ये चालणारं रूप आणलं, ते स्ट्रडेल. टायडल मोबाइलवर आलं ते असं.

दरम्यान बेल पुण्यातल्या एका मोठ्या कामात उतरले होते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांमधल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह झाला. त्याची संगणकीय मांडणी आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण यांत बेल यांचा मोठा वाटा आहे. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात या ओव्या प्रसिद्ध होऊ लागल्या. विजेच्या गिरण्या आल्यावर घरोघरचं जातं थांबलं. त्याच्या फेऱ्यावर उभी असलेली गाणी मात्र यंत्रात राहिली.

लसावि, मसावि आणि समेचं गणित

टायडल आणि स्ट्रडेलमध्ये वेळ सरळ रेषेत पुढे जात नाही, ती आवर्तनानं मोजली जाते. पाश्चात्त्य पद्धतीची बरीच संगीत-सॉफ्टवेअर डावीकडून उजवीकडे पसरलेल्या पट्टीवर चालतात. इथं मात्र आवर्तन हाच पाया आहे. तुम्ही अवतरणचिन्हांत चार नावं लिहा किंवा दहा, सगळी एकाच आवर्तनात समान वाटली जातात. ज्याच्या कानावर लहानपणापासून पखवाज पडला आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

झपताल घेऊ. दहा मात्रा, दोन, तीन, दोन, तीन असे विभाग. ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ या ठेक्यासाठी धी, ना आणि ती यांना तीन वेगवेगळे आवाज ठरवायचे आणि दहा नावं ओळीनं लिहायची. स्ट्रडेलचं आवर्तन मुळात दोन सेकंदांचं असतं, म्हणजे दहा मात्रा मिनिटाला ३०० या वेगानं धावतात. शेवटी ‘स्लो’ आणि कंसात ४ लिहिलं, की आवर्तन आठ सेकंदांचं होतं आणि लय मिनिटाला ७५ मात्रांवर येते. स्ट्रडेलच्या संचात मृदंगमचेही आवाज आहेत, टायडलच्या संचात तबला आहे.

खरी गंमत दोन ताल एकत्र आणताना येते. चौकोनी कंसात स्वल्पविरामानं दोन ओळी वेगळ्या केल्या, तर दोन्ही एकाच कालावधीत बसवल्या जातात. एका ओळीत पाच आणि दुसरीत चार आघात असले तर चारांवर पाच अशी लयकारी ऐकू येते. तेच महिरपी कंसात लिहिलं, तर मात्रा दोघींची सारखी राहते आणि आवर्तनं एकमेकांपासून सरकत जातात. झपतालाच्या दहा मात्रा आणि तीनतालाच्या सोळा अशा सोबत सोडल्या, की त्यांची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, पुन्हा एकत्र येते ती ८० मात्रांनी: झपतालाची आठ आवर्तनं, तीनतालाची पाच. दहा आणि सोळाचा लसावि ८०. शाळेतलं गणित कानाला असं क्वचितच ऐकू येतं.

मसाविही आहे. एखाद्या आवाजाच्या नावापुढे कंसात ३, ८ लिहिलं, तर आठ मात्रांत तीन आघात शक्य तितके समान पसरतात: तीन, तीन, दोन. मसावि काढण्याच्या युक्लिडच्या पद्धतीतून जगभरच्या लोकसंगीतातले अनेक ठेके निघतात, हे संगणकशास्त्रज्ञ गॉडफ्रीड टूसाँ यांनी २००५ साली दाखवलं. वारकरी भजनाचा ठेकाही आठ मात्रांचा. संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी हिंगोली तालुक्यातच आहे. तिथल्या भजनी मंडळातल्या पखवाजवाद्याला हे आठांचे खेळ कोडरपेक्षा लवकर उमगतील.

अहमदाबादचा मूग, मुंबईचा ८०८

भारतात प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीत नवं नाही. १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर बसवला. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. काही वर्षांतच तो स्टुडिओ थंडावला आणि टेपा संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पुरगस यांनी त्या शोधून काढल्या. २०२३ साली त्यांतल्या निवडक रचना प्रसिद्ध झाल्या.

मुंबईत चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडची तीन यंत्रं, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८, एकत्र जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीची ती तबकडी तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा अॅसिड हाऊस हा नृत्यसंगीताचा प्रकार शिकागोत रुजण्याआधीच मुंबईत त्याच्या जवळचं काही वाजून गेलं होतं, हे पाहून पाश्चात्त्य समीक्षक चकित झाले. पुण्यात संगणकशास्त्राचे प्राध्यापक हरी सहस्रबुद्धे (गायिका वीणा सहस्रबुद्धे यांचे पती) १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रागातल्या स्वरामागून कुठला स्वर येतो याचे नियम संगणकाला शिकवत होते.

या तिन्ही ठिकाणी प्रतिभा होती आणि तिच्यासोबत दुर्मिळ यंत्रही होतं. ज्याच्या हाती यंत्र नाही, त्याला दार बंद. त्याच ८०८चे आवाज आज स्ट्रडेलच्या संचात कुणालाही मिळतात.

बोटं, स्पीकर आणि बॅटरी

मोबाइलवर हे सगळं सुरळीत चालतं असं नाही. कोडला लागणारे कंस आणि चिन्हं मोबाइलच्या कीबोर्डवर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतात. काही फोन सरळ अवतरणचिन्हाचं आपोआप वळणदार चिन्ह करतात आणि ओळ बिघडते; ती सोय आधी बंद करावी लागते. साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजी वायरनं जोडला तर निम्मा त्रास संपतो.

फोनचा स्पीकर खालचा नाद देत नाही. बास ड्रम त्यावर नुसता ‘टक्’ ऐकू येतो, म्हणून हेडफोन हवाच. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोचतो, पण इथं बोटानं ताल धरायचा नसल्यानं तो उशीर फारसा जाचत नाही. फोनला दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा ध्वनीचं मूल्य काढून द्यावं लागतं. घुमारा आणि प्रतिध्वनी फार चढवले, की स्वस्त फोन मागे पडतो आणि आवाज तुटायला लागतो. आवाजांच्या फाइल पहिल्यांदा उतरवायला इंटरनेट लागतं. पण साइन, सॉटूथ, स्क्वेअर या लहरी फोन स्वतःच घडवतो आणि एकदा उघडलेलं स्ट्रडेल रेंज नसतानाही चालवता येतं.

जुन्या फोनसाठी ‘बाइटबीट’ आहे. फिनलंडच्या विले-मातियास हेइक्किला यांनी २०११ साली तो प्रकार लोकांपुढे आणला. त्यात सेकंदाला साधारण ८,००० वेळा एक अंक वाढत जातो. त्याला एका ओळीच्या सूत्रातून काढायचं आणि उत्तराचे शेवटचे आठ बिट थेट स्पीकरला द्यायचे. ना स्वर, ना आधी मुद्रित केलेले आवाज (सॅम्पल). सूत्रात एक आकडा बदलला की सगळी रचनाच पालटते. काय वाजेल हे बऱ्याचदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि प्रयोगाची गोडी तिथंच आहे.

वरातीच्या डीजेसाठी मोबाइलवर रिमिक्स करणारी पोरं आज मराठवाड्यात गावोगाव आहेत. तयार गाण्यावर ढोल आणि हलगी चढवणं त्यांना उत्तम जमतं. कोडचा रस्ता वेगळा: तिथं गाणं लिहीत नाहीत, गाणं घडवणारा नियम लिहितात.

दुधाळ्याचा नाद

हिंगोलीकडे या कामासाठी एक असा आवाज येतो आहे, जो देशात दुसरीकडे कुठेच नसेल. औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. या दशकाच्या अखेरीस ती सुरू व्हावी असं नियोजन आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी पहिली लहर पकडली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा. त्या वेळात त्याची कंपनसंख्या ३५ हर्ट्‌झपासून २५० हर्ट्‌झपर्यंत चढली. हा पट्टा माणसाच्या कानाचा आहे. ही लहर हवेतून येत नाही, पण आकडे स्पीकरला दिले की चढत जाणारी एक ‘ऊप’ ऐकू येते. संशोधकांनी ती मूळ कंपनसंख्येत ऐकवली आणि नीट कळावी म्हणून ४०० हर्ट्‌झ वर सरकवूनही ऐकवली.

गोंगाटातून असा संकेत वेचण्याची रीत घडवण्यात पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेचे संजीव धुरंधर यांचा मोलाचा वाटा आहे. संकेत कसा दिसेल याचे गणिती साचे आधी तयार करायचे आणि नोंदींवर एकेक ताडून पाहायचा, ही ती पद्धत. लायगोच्या नोंदी आज सर्वांना खुल्या आहेत. मोबाइलच्या ब्राउझरमध्येही पायथनच्या थोड्या ओळींनी त्या उतरवता येतात, गाळता येतात आणि ध्वनिफाइल करता येतात. ती फाइल सॅम्पल म्हणून स्ट्रडेलला दिली, की कृष्णविवरांची टक्कर झपतालाच्या समेवर आणता येते.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली हा पाच तालुक्यांचा जिल्हा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, बहुतेक ग्रामीण. वेधशाळेची चर्चा इथं जमीन, रस्ते आणि रोजगार यांभोवती फिरते, आणि ती व्हायलाच हवी. त्याबरोबर औंढा, वसमत, कळमनुरीच्या महाविद्यालयांनी वेधशाळेच्या शास्त्रज्ञांना आणि जवळच्या भजनी मंडळांना एका खोलीत बसवावं. मुलांनी आपापले फोन आणावेत, पखवाजवाद्यानं ठेका सांगावा, शास्त्रज्ञांनी नोंदी द्याव्यात. त्यासाठी लागणारी पन्नास पानांची सोपी मराठी पुस्तिका कुणीतरी लिहायला हवी. ज्या शिक्षकांना लसावि शिकवता येतो आणि झपताल मोजता येतो, त्यांनी ती या सुट्टीतच सुरू करावी.