पेनकिलरने स्नायू वाढायचे थांबतात का?

जिममध्ये पेनकिलरबद्दल दोन ठाम मतं ऐकायला मिळतात. एक असं, की व्यायामाआधी गोळी घेतली की दुखत नाही, वजन जास्त उचललं जातं आणि अंग लवकर भरतं. दुसरं असं, की गोळी पोटात गेली की सगळी मेहनत पाण्यात. पहिल्या मताला फारसा आधार नाही. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ते ठरावीक डोस, ठरावीक काळ आणि ठरावीक वय यांच्यापुरतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं शरीरातल्या ‘कॉक्स’ या एन्झाइमला अडवतात, त्यामुळे दुखणं वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं कमी तयार होतात. ॲस्पिरिनचं हे काम जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. अडचण अशी, की प्रोस्टाग्लँडिन फक्त दुखवत नाहीत. व्यायामाने ताणलेल्या स्नायूत नवी प्रथिनं बांधायच्या कामातही त्यांचा हात असतो. २००२ च्या एका अमेरिकन प्रयोगात जोरदार व्यायामानंतर २४ तासांनी प्रथिनबांधणीत दिसणारी वाढ आयबुप्रोफेन घेणाऱ्यांत दबलेली आढळली. ‘साधी’ समजली जाणारी पॅरासिटामॉल पूर्ण डोसमध्ये घेणाऱ्यांतही तेच दिसलं. पण एका दिवसाच्या मोजमापावरून महिन्यांचा हिशेब मांडता येत नाही. तो स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने मांडला. १८ ते ३५ वयाच्या ३१ निरोगी स्त्री-पुरुषांनी आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम केला; काहींना रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं, बाकीच्यांना तुलनेसाठी फक्त ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. ॲस्पिरिनवाल्यांच्या मांडीचा स्नायू ७.५ टक्क्यांनी वाढला, आयबुप्रोफेनवाल्यांचा ३.७ टक्क्यांनी. म्हणजे जवळपास निम्मा. ताकदीतला फरक मात्र इतका ठळक नव्हता.

आता हा डोस केवढा? आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. म्हणजे रोज तीन गोळ्या, तेही सलग दोन महिने. दात दुखला म्हणून दोन दिवस गोळी घेणाऱ्याला हा निष्कर्ष लावणं म्हणजे उगाच घाबरवणं. यावर कुणी म्हणेल, कमी डोसही थोडं नुकसान करतच असेल. ते कॅनडातल्या २००८ च्या प्रयोगात तपासलं गेलं. सहा आठवडे एका हाताच्या व्यायामाच्या दिवशी ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि दुसऱ्या हाताच्या दिवशी औषध नसलेली गोळी दिली. दोन्ही दंड सारखेच वाढले. गंमत म्हणजे दुखणंही दोन्हीकडे सारखंच होतं! ज्यासाठी गोळी घ्यायची, तेच तिने साधलं नाही. साठीच्या पुढच्या लोकांवरचा २०११ चा प्रयोग तर उलटच निघाला. बारा आठवडे व्यायामाबरोबर रोज आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल घेणाऱ्यांचे स्नायू, औषध न घेणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त वाढले. वयाबरोबर शरीरात मंद दाह मुरलेला असतो, तो कमी झाल्याचा हा फायदा असावा. पण एका छोट्या प्रयोगावरून आजोबांनी रोज गोळी सुरू करावी, असं होत नाही. आयबुप्रोफेनसारख्या औषधांनी पोटात अल्सर होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. घामाने पाणी कमी झालेलं असताना हा धोका वाढतो.

या साऱ्यामागे आणखी एक समज असतो, की अंग जितकं ठणकेल तितका व्यायाम लागू पडला, आणि ते ठणकणं लॅक्टिक ॲसिडचं. लॅक्टिक ॲसिड व्यायामानंतर तास-दीड तासात ओसरतं. दुखणं वाढतं ते एक ते तीन दिवसांनी, आणि त्याचं मूळ सवय नसलेल्या ताणाने स्नायूतंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेत असतं. पुढे तोच व्यायाम दुखत नाही, तरी स्नायू वाढत राहतात. तेव्हा अंग आंबलं तर दोन दिवस हलका व्यायाम करा, झोप पुरी घ्या. सांध्यात एकाच जागी कळ येत असेल, सूज असेल, तर गोळी घेऊन वजन उचलू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि संधिवातासाठी किंवा हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली गोळी दंड वाढावेत म्हणून परस्पर बंद करू नका.