गाडी पास झाली, पण कशात?

पास होण्याचे दोन प्रकार आपल्याला चांगले माहीत आहेत. एक म्हणजे अभ्यास करून, आणि दुसरा म्हणजे सर जेवढं विचारणार तेवढंच वाचून. गाड्यांचंही तसंच असतं, हे मला मामांच्या मोटारसायकलमुळे कळलं.

मामांची गाडी म्हणजे स्पोर्ट्स बाइक. अर्धं फेअरिंग, दोनशे सीसीच्या वरचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर होस्टेलमध्ये दोन पार्ट्या पडतील. २००९ साली नांदेडला तिची नोंदणी झाली, नंबर एमएच २६ चा. पुढे मामांचं लग्न झालं, पोट सुटलं आणि गाडी कंधारला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. आठवड्यातून एकदा किक मारायची आणि चौकापर्यंत जाऊन यायचं, एवढंच तिचं आयुष्य. २०२४ मध्ये आरसीची पंधरा वर्षं संपत आली तेव्हा मामा म्हणाले, "पास झाली तर तुझी. नाही झाली तर भंगारवाल्याची." माझ्यासाठी ही परीक्षा कुठल्याही सेमिस्टरपेक्षा मोठी होती!

आता परीक्षा नेमकी कोणती, इथपासूनच गोंधळ. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ‘योग्यता प्रमाणपत्र’ हा शब्द वाचून मला वाटलं की हे माझ्याचबद्दल काहीतरी आहे, लायसन्ससारखं. मामा पोट धरून हसले. ते गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट. आणि गंमत म्हणजे, आपल्या घरगुती दुचाकीला ते दरवर्षी लागतच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी एकदा झाली की पंधरा वर्षं चालते. त्यानंतर गाडी निरीक्षकापुढे उभी करायची, ती ठीक असेल तर पाच वर्षांसाठी नूतनीकरण. दरवर्षीची फिटनेसची कटकट आहे ती ट्रक, जीप, ऑटोवाल्यांना, आणि तीही गाडी आठ वर्षांची झाल्यावर. त्याआधी दोन-दोन वर्षांनी.

मग आपली वार्षिक परीक्षा कोणती? पीयूसी. बस्स, तेवढी एकच. दुचाकींना बीएस-४ निकष २०१७ च्या एप्रिलपासून आणि बीएस-६ निकष २०२० च्या एप्रिलपासून लागू झाले. या दोन्ही प्रकारच्या गाड्यांना पीयूसी वर्षाची मिळते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. म्हणजे आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्यांना वर्षातून एकदा कोणीतरी अधिकृतपणे तपासतं ते फक्त पीयूसीच्या टपरीवर, आणि तिथे तपासतात काय तर धूर.

हा धूर कसा तपासतात ते मेकॅनिकलवाल्यांनी लॅबमध्ये पाहिलं असेल. सायलेन्सरमध्ये नळी घालतात, ती एक्झॉस्टचा नमुना ओढून मशीनमध्ये नेते. आत एका बाजूने इन्फ्रारेड किरण सोडतात. कार्बन मोनॉक्साइड एका ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषतो, न जळलेलं पेट्रोल, म्हणजे हायड्रोकार्बन, दुसऱ्या. पलीकडे किती किरण कमी पोचले त्यावरून वायूचं प्रमाण निघतं. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या निकषांच्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा आहे सीओ ३.५ टक्के आणि एचसी ४५०० पीपीएम. टू-स्ट्रोकला सीओ तेवढाच, पण एचसी ६००० पर्यंत माफ, कारण तिच्यात थोडं ताजं पेट्रोल सरळ बाहेर पडतंच. नव्या गाड्यांची मर्यादा याहून बरीच कडक आहे.

मामांची गाडी पहिल्याच फटक्यात पास झाली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मला फार अभिमान वाटला. नंतर विचार केला, की यात गाडीने मोठं काय केलं? ही सगळी तपासणी होते आयडलिंगवर. गाडी स्टँडवर, गिअर न्यूट्रल, इंजिन हजार-दीड हजार आरपीएमवर गुरगुरतंय. स्पोर्ट्स बाइकचं जे काही स्पोर्ट्सपण आहे ते सात-आठ हजारांच्या पुढे सुरू होतं. म्हणजे झोपलेल्या पैलवानाच्या नाकाशी सूत धरायचं आणि म्हणायचं, हा कुस्ती जिंकणार. आयडलिंगला मिश्रण किती जाड, किती पातळ हे कार्ब्युरेटरचा एक छोटा स्क्रू ठरवतो. तो अर्धा वळसा इकडे-तिकडे फिरवला की सीओचा आकडा बदलतो. काही जण तपासणीपुरता तो फिरवून घेतात आणि घरी येऊन परत जागेवर आणतात. फार पातळ केलं तर मात्र ठिणगीला मिश्रण नीट पेटत नाही, मग सीओ कमी दिसतो पण एचसी वर जातो. लबाडीलाही थोडं इंजिनीअरिंग लागतंच! नळी पुरेशी आत न घालता तोंडाशीच धरली तर बाहेरची हवा मिसळते आणि दोन्ही आकडे खाली येतात. शिवाय आता पंपावर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मिश्रण आपोआप थोडं पातळ होतं आणि सीओ आणखी कमी. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत तर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतात, ते हे काम स्वतःच करतात. तेव्हा स्पोर्ट्स बाइक पीयूसीत पास होते का, याचं उत्तर सोपं आहे. इंजिन बरं असेल तर जवळजवळ नेहमीच होते. नापास व्हायला एअर फिल्टर चोंदलेला हवा, प्लग खराब हवा किंवा इंजिन ऑइल पीत असायला हवं.

पण माझी गोष्ट इथे संपली नाही.

पीयूसी झाली त्याच संध्याकाळी मी गाडी घेऊन लोह्याला गेले. येताना अंधार पडत होता. उसाचे दिवस होते. एका शेतरस्त्यावरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर सावकाश मुख्य रस्त्यावर आला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. मी पुढचा ब्रेक दाबला. लीव्हर लोण्यात सुरी जावी तसा आत गेला आणि ग्रिपला टेकला. गाडी तशीच पुढे! सोडून पुन्हा दाबला तेव्हा कुठे धरला. ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊस हेल्मेटला घासून गेले. मी रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले. पीयूसीचा कागद खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या चाचांनी मास्टर सिलिंडर उघडला. ब्रेक ऑइल असायला हवं फिक्या मधासारखं, ते निघालं कडक चहासारखं. आतलं रबरी कप-वॉशर कडक होऊन चिरलं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणूनच ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात. आमच्याकडे ते कधी बदललं ते मामांनाही आठवेना. लीव्हर दाबल्यावर दाब पुढे कॅलिपरला जाण्याऐवजी चिरेतून मागेच गळत होता. चाचा म्हणाले, "ताई, धूर तर एकदम साफ हाय तुमचा. पर धुरानं गाडी थांबती का?"

याच्यावर मी काय बोलणार?

टायरचंही तेच निघालं. नक्षी झकास, कारण गाडी चालतच नव्हती. पण टायरच्या बाजूला चार आकड्यांचा एक कोड असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या पुढच्या टायरवर शेवटी १२ होतं, म्हणजे टायर २०१२ चा. रबर जुनं झालं की कडक होतं, नक्षी कितीही खोल असो, ओल्या रस्त्यावर धरत नाही. साध्या गाडीला हे चालतं असं नाही, पण स्पोर्ट्स बाइकला ते जास्त महागात पडतं. आपण सगळ्यांनी १/२ एमव्ही स्क्वेअर पाठ केलेलं आहे. ताशी ४० ऐवजी ८० ने गेलात की ब्रेकला चौपट ऊर्जा जिरवायची असते. आणि थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून बहुतेक काम पुढचा ब्रेक आणि पुढचा टायर करतात. आमच्याकडे नेमक्या त्याच दोन गोष्टी म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि त्यांना पंधरा वर्षांत कोणीही अधिकृतपणे हात लावला नव्हता.

शेजारच्या लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते, खंडोबाची. तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. मी लहानपणी पाहिलंय, घोडा घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो, मग खूर उचलतो, मग पळवून बघतो. नुसता श्वास हुंगून कोणी घोडा घेत नाही.

इंग्लंडमध्ये ही घोडेबाजाराची पद्धत आहे म्हणायची. तिथे १९६० पासून एमओटी नावाची तपासणी आहे. मोटारसायकल तीन वर्षांची झाली की दरवर्षी ब्रेक, टायर, स्टिअरिंग, चेन, दिवे सगळं बघतात, आणि किती गाड्या कशात नापास झाल्या ते सरकार जाहीर करतं. बहुतेक मोटारसायकली तिथे पहिल्याच फेरीत पास होतात. नापास होणाऱ्यांत सगळ्यात वरचं कारण इंजिन नसून दिवे असतात. जपानमध्ये २५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींना अशी सक्तीची तपासणी नाहीच, त्याच्या वर गेलं की नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी. म्हणजे आमची गाडी तिकडेही सुटली असती.

आपल्याकडे कागदावर नियम आहेत, प्रश्न ते पाळण्याचा असतो. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी ट्रक-बसच्या फिटनेस तपासण्या नीट होत नाहीत म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्यात न्यायालयाने २०१६ मध्ये आरटीओ कार्यालयांना ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा ट्रॅक करायला सांगितलं. थांबते की नाही हे बघायला आधी गाडी पळायला जागा पाहिजे, एवढी साधी गोष्ट कोर्टाला सांगावी लागली.

आता आमच्या मुख्य परीक्षेचं. नूतनीकरणासाठी नमुना २५ चा अर्ज, आरसी, विमा, पीयूसी. दुचाकीची ही फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० ची १००० रुपये झाली. निरीक्षक साहेबांनी चेसिस नंबर, इंजिन नंबर जुळवून पाहिले, हॉर्न, इंडिकेटर, हेडलाइट पाहिले. आणि आमची विकेट गेली आरशांवर! मामांनी तरुणपणी स्टाइल म्हणून दोन्ही आरसे काढून ठेवले होते. ते माळ्यावरून शोधून, बसवून दुसऱ्यांदा नेली. तेव्हा एक चक्कर मारून ब्रेक दाबून दाखवायला लावला. गाडी थांबली. "चालवणार कोण?" साहेबांनी मामांकडे बघत विचारलं. मी हात वर केला.

पण खरं सांगायचं तर, चाचांनी वॉशर बदललं नसतं तरीही ती कदाचित पास झाली असती. चिरलेलं वॉशर दरवेळी दगा देत नाही. दुसऱ्या दाबाला तर ते त्या संध्याकाळीही धरत होतं. तपासणी म्हणजे त्या दिवशीचा, त्या मिनिटाचा फोटो असतो.

गेल्या आठवड्यात मी आपल्या होस्टेलच्या पार्किंगमधून टॉर्च घेऊन एक चक्कर मारली. कोणाची गाडी कोणती ते लिहीत नाही, भांडणं नकोत. पण ज्यांच्या सायलेन्सरचा आवाज मेसपर्यंत येतो त्यांच्यासाठी सांगते, १७५ सीसीच्या वरच्या गाडीला कंपनीतून बाहेर पडतानाच ८० डेसिबलची मर्यादा असते. आणि तो सायलेन्सर बदलण्याच्या खर्चात ब्रेक ऑइल आणि दोन्ही ब्रेक पॅड येतात. गाडी बघायची असेल तर आधी पुढचा लीव्हर दाबून धरा. हळूहळू आत सरकत गेला तर थेट गॅरेज गाठा. मग टायरच्या खाचेत जी छोटी आडवी उंची असते, तिच्यापर्यंत नक्षी झिजली का बघा, आणि कोड वाचा. चेन मधोमध वर-खाली दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त हलत असेल तर ती ताणून घ्या. पुढचं चाक उचलून हँडल दोन्ही बाजूंना सावकाश फिरवा. मध्येच कुठे खटकन अडकलं तर बेअरिंग गेलं. याला कुठलं मशीन लागत नाही, पाच मिनिटं लागतात, म्हणजे पीयूसीएवढीच.

आमची आरसी आता २०२९ पर्यंत आहे. पीयूसी दर सहा महिन्यांनी, आणि त्याच दिवशी ब्रेक ऑइलचा रंग बघायचा असं मी ठरवलंय. टायरचा कोड वाचता येत नसेल तर संध्याकाळी मेसच्या आधी पार्किंगमध्ये या. टॉर्च माझ्याकडे आहे.